दुसऱ्यांच्या हातांनी वाजलेला कॉन्चेर्टो

५ ऑक्टोबर १८४५. जर्मनीतील लायप्झिग शहर. कापड व्यापाऱ्यांच्या जुन्या इमारतीत थाटलेले 'गेवांडहाउस' हे सभागृह. वाद्यवृंदाचा संचालक फेलिक्स मेंडेल्सझोन. पियानोपाशी २६ वर्षांची क्लारा शूमान बसलेली: तीन मुलींची आई, चौथ्या वेळी गरोदर आणि युरोपातील अग्रगण्य पियानोवादकांपैकी एक. त्या संध्याकाळी एक नवा पियानो कॉन्चेर्टो प्रथमच लोकांसमोर येत होता.

त्याचा रचनाकार होता आडॉल्फ हेन्सेल्ट, वय वर्षे ३१. तो स्वतः नामांकित पियानोवादक होता. लिस्टसारखा वादकही त्याच्या हातांविषयी आदराने बोलत असे. तरीही आपल्या आयुष्यातील एकमेव कॉन्चेर्टोचे पहिले वादन त्याने स्वतः केले नाही.

यात विशेष ते काय, असे आज वाटेल. त्या काळात मात्र ही गोष्ट निराळी होती. कॉन्चेर्टो म्हणजे एकटा वादक एका बाजूला, सबंध वाद्यवृंद दुसऱ्या बाजूला आणि दोघांत सुमारे अर्धा तास चालणारा संवाद, क्वचित झुंजही. मोझार्ट, बीथोव्हन, शोपाँ, मेंडेल्सझोन या सर्वांनी पियानो कॉन्चेर्टो लिहिले ते प्रामुख्याने स्वतः वाजवण्यासाठी. नव्या शहरात पाऊल ठेवलेला वादक आपला कॉन्चेर्टो सोबत घेऊनच येई. तीच त्याची ओळख असे. हेन्सेल्टने ही ओळख तयार केली आणि दुसऱ्याच्या हाती सोपवली.

याचे कारण समजून घ्यायचे तर मागे जावे लागते.

हेन्सेल्टचा जन्म ९ मे १८१४ रोजी बव्हेरियातील श्वाबाख या लहान गावी झाला. तो अगदी लहान असतानाच कुटुंब म्युनिकला गेले. मुलाची बोटे वेगळी आहेत हे लवकरच लक्षात आले आणि बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला याच्या आश्रयामुळे १८३२ मध्ये त्याला वायमारला योहान नेपोमुक हुमेलकडे शिकायला जाता आले. हुमेल हा मोझार्टच्या घरी राहून शिकलेला शिष्य. म्हणजे हेन्सेल्ट मोझार्टच्या परंपरेत थेट तिसऱ्या पिढीचा ठरतो. पुढे व्हिएन्नात सिमोन सेख्टरकडे त्याने रचनाशास्त्राचे धडे घेतले. शिक्षणात कोठेही उणीव राहिली नाही.

अडचण काळाची होती. १८३० चे दशक हे पियानोच्या इतिहासातील मोठ्या उलथापालथीचे दशक आहे. पॅरिसच्या एरार कारखान्याने १८२१ मध्ये तयार केलेल्या नव्या यंत्रणेमुळे एकच स्वर अतिशय जलद पुन्हापुन्हा वाजवणे शक्य झाले होते. वाद्याच्या सांगाड्यात लोखंड आले, तारा जाड झाल्या, आवाज मोठ्या सभागृहाच्या टोकापर्यंत पोहोचू लागला. दिवाणखान्यातील वाद्य रंगमंचावर आले आणि त्याच्याबरोबर वादकही आला. ३१ मार्च १८३७ रोजी पॅरिसमध्ये राजकन्या बेल्जोयोझो हिच्या घरी लिस्ट आणि थालबेर्ग यांच्यात वादनाचा सामना झाला, तेव्हा शहरात चर्चा दुसरी नव्हती. स्वरलिपी समोर न ठेवता, सारे स्मरणाने वाजवण्याची प्रथाही याच सुमारास रुजत होती. ती रुजवणाऱ्यांत लिस्ट आणि तरुण क्लारा हे दोघेही होते. पियानोवादकाकडून आता कसरतपटूचे धैर्य अपेक्षित होते, आणि नेमके तेच हेन्सेल्टजवळ नव्हते.

१८३६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, अतिश्रमाने त्याचे मन आणि शरीर दोन्ही खचले. उपचारासाठी त्याला कार्ल्सबादच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जावे लागले. या खचण्याला आणखी एक पदर होता. वायमारमधील एका वैद्याची पत्नी रोझाली फोगेल हिच्यावर त्याचे प्रेम जडले होते. घटस्फोटानंतर १८३७ मध्ये तिच्याशी त्याचा विवाह झाला. त्याच हिवाळ्यात त्याने जर्मन शहरांत कार्यक्रम केले. रोबेर्ट शूमान आपल्या संगीतपत्रातून त्याचे कौतुक करीत होता. त्याच्या छोट्या रचना घरोघरी वाजू लागल्या. काहींनी त्याला 'जर्मन शोपाँ' म्हटले. नाव, पैसा, तारुण्य सारे अनुकूल होते. यानंतर युरोपभर गाजणे एवढेच बाकी होते.

तो १८३८ मध्ये रशियाला गेला आणि तेथेच राहिला.

सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याचे झालेले स्वागत असामान्य होते. लवकरच तो सम्राज्ञीचा दरबारी पियानोवादक झाला आणि राजघराण्यातील मुलांना शिकवू लागला. पण या मानमरातबाबरोबर त्याला आणखी मोलाचे काहीतरी मिळाले. शिकवण्यातून उत्पन्न स्थिर झाले की रंगमंचावर जाण्याची सक्ती उरत नाही. दरबारी नोकरी ही अनेक कलावंतांना बेडी वाटली आहे. हेन्सेल्टला ती सुटका वाटली असावी. पुढच्या काळात त्याचे जाहीर कार्यक्रम विरळ होत गेले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले.

भीती कशी होती, याच्या कथा समकालीनांनी सांगितल्या आहेत. वाद्यवृंदाबरोबर वाजवायचे असेल तेव्हा तो पडद्याआड लपून राही. कॉन्चेर्टोच्या आरंभी वाद्यवृंद बराच वेळ एकटाच वाजतो. तेवढी उसंत तो तेथे काढी आणि पियानोचा प्रवेश अगदी तोंडावर आला की धावत येऊन पट्ट्यांवर हात ठेवी. एकदा या धांदलीत तोंडातील चिरूट टाकायचाच राहिला आणि सारा कॉन्चेर्टो धूर सोडीत वाजवला गेला. झारला म्हणे मोठी मौज वाटली. कथा थोडी फुगली असेल. तिच्यात हसण्यासारखे जितके आहे, तितकेच न हसण्यासारखेही आहे.

घरी मात्र हा माणूस थांबत नसे. विल्हेल्म फॉन लेन्झ हा पीटर्सबर्गचा सरकारी अधिकारी. लिस्ट आणि शोपाँ या दोघांकडेही शिकलेला. त्याने १८७२ मध्ये आपल्या काळातील चार थोर पियानोवादकांवर पुस्तक लिहिले: लिस्ट, शोपाँ, ताउझिग आणि हेन्सेल्ट. त्यातील हेन्सेल्टच्या रियाजाचे वर्णन विसरता येत नाही. पियानोच्या तारांत पिसे खोचून आवाज जवळजवळ बंद केलेला असे. त्या मुक्या वाद्यावर तो तासन्‌तास बाखचे फ्यूग वाजवी, आणि समोर स्वरलिपीच्या जागी उघडे बायबल ठेवून ते वाचत बसे. बायबल आणि बाख संपले की पुन्हा पहिल्यापासून.

ऐकू येईल असा स्वर त्या वाद्यातून निघतच नसे. श्रोता नाही, आवाज नाही, बोटांचे काम मात्र चालू.

या रियाजाचा एक विशेष हेतू होता. हेन्सेल्टचे हात फार मोठे नव्हते, पण रोजच्या ताणाने त्याने त्यांना विलक्षण पल्ला मिळवून दिला होता. डाव्या हाताची पाच बोटे एकाच वेळी सा, ग, प, तार सा आणि त्याच्याही वरचा तार मध्यम अशी पसरू शकत. पियानो जवळ असेल तर हे करून पाहावे. बहुतेकांचा अंगठा तार षड्जापाशीच थकतो. हा पल्ला चमत्कार दाखवण्यासाठी नव्हता. पायपट्टीच्या मदतीने स्वर एकमेकांत मिसळण्याऐवजी केवळ बोटांनी सलग, गाता स्वर काढावा, आणि तोही भरगच्च सुरावटींत, हा त्याचा ध्यास होता. लिस्ट १८४२ मध्ये पीटर्सबर्गला आला होता. असे मखमली पंजे मनात आणले असते तर मलाही मिळवता आले असते, अशा आशयाचा त्याचा उद्गार प्रसिद्ध आहे. त्यात स्तुती किती आणि असूया किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

एफ मायनर स्वरातील तो कॉन्चेर्टो, रचनाक्रमांक १६, याच हातांसाठी घडला आहे.

त्याचे भाग तीन. पहिल्या भागाला हेन्सेल्टने 'आलेग्रो पातेतिको' असे नाव दिले: द्रुत गतीचा, पण करुणगंभीर. वाद्यवृंदाच्या दीर्घ प्रस्तावनेनंतर पियानो येतो तो जणू बांध फुटल्यासारखा. पुढे मात्र एक अनपेक्षित गोष्ट घडते. या प्रकारच्या रचनेत मध्यभागी आधीच्या चालींची मोडतोड, चढाओढ, वादविवाद अपेक्षित असतो. हेन्सेल्ट तेथे हे सारे बाजूला सारतो आणि चर्चमधील स्तोत्रासारखी संथ चाल आणतो. स्वरलिपीवर शब्द लिहिलेला आहे: 'रेलिजिओसो', म्हणजे भक्तिभावाने. बायबल समोर ठेवून रियाज करणाऱ्या माणसाची ही सही म्हणावी लागेल.

दुसरा भाग 'लार्गेत्तो', डी फ्लॅट मेजरमध्ये. सबंध रचनेतील सर्वांत सुंदर जागा येथे आहे. निवांत, रात्रीच्या गाण्यासारखा आरंभ. मग मध्यभागी स्वर बदलून सी शार्प मायनर येतो आणि एकाएकी खोल, जड सुरावटी उमटू लागतात. पियानोची स्वरलिपी नेहमी दोन ओळींत लिहितात, एक उजव्या हातासाठी आणि एक डाव्या. येथे हेन्सेल्टला दोन ओळी पुरल्या नाहीत. त्याने चार वापरल्या. हात दोनच, पण कानाला चार असल्याचा भास होतो. तिसरा भाग 'आलेग्रो आजितातो', अस्वस्थ आणि धावता. तो चांगला आहे, पण पहिल्या दोघांच्या पातळीवर जात नाही. श्रेष्ठ अंतिम भागाची सर त्याला नाही, हे मान्य करायला हवे.

क्लाराने लायप्झिगमध्ये हे वाजवल्यानंतर दोनच महिन्यांनी, ४ डिसेंबर १८४५ रोजी, ड्रेस्डेनमध्ये आणखी एका नव्या कॉन्चेर्टोचे प्रथम वादन केले. ती रचना तिच्या पतीची होती, ए मायनर स्वरातली. आज रोबेर्ट शूमानचा हा कॉन्चेर्टो जगातील जवळजवळ प्रत्येक मोठ्या वाद्यवृंदाच्या संग्रहात आहे. एकाच स्त्रीने, एकाच हंगामात, दोन कॉन्चेर्टो जगापुढे आणले. एक अमर झाला. दुसऱ्याचे नावही पियानोच्या अनेक विद्यार्थ्यांनी ऐकलेले नसते.

असे का व्हावे?

शूमानचा कॉन्चेर्टो अधिक समतोल आहे, त्यात पियानो आणि वाद्यवृंद खरोखरच एकमेकांशी बोलतात. हेन्सेल्टकडे वाद्यवृंद बराच वेळ केवळ आधार देतो. ही तुलना न्याय्य आहे, पण पुरेशी नाही. शोपाँच्या दोन कॉन्चेर्टोंतही वाद्यवृंदाला फारसे काम नाही, म्हणून ते कोणी विसरले नाही.

मोठे कारण हातांचे आहे. आन्तोन रुबिनस्टाइन हा त्या काळी लिस्टच्या खालोखाल गणला जाणारा पियानोवादक. त्याने हेन्सेल्टच्या रचना आणि हा कॉन्चेर्टो काही दिवस बसवून पाहिला आणि नाद सोडला; ही रचना अस्वाभाविक हातांसाठी आहे, तिच्यामागे लागणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असा त्याचा निष्कर्ष. वाजवायला अत्यंत कठीण, पण ऐकणाऱ्याला ती कठीणता दिसत नाही, हा या रचनेचा शाप आहे. लिस्टची अवघड जागा श्रोत्याला दिसते, टाळ्या मिळतात. हेन्सेल्टच्या अवघड जागेत आवाज फक्त अधिक भरदार आणि मऊ होतो. महिनोन्‌महिने कष्ट करून वादकाच्या पदरात टाळ्या पडणार नसतील, तर ते कष्ट कोण घेणार? हान्स फॉन ब्युलोव्ह, फेरुच्चो बुझोनी अशा काहींनी ते घेतले. त्यांच्यानंतर रचना मागे पडली.

आणि ज्याने ती गावोगावी नेऊन लोकांच्या कानांत रुजवायची, तो रचनाकार पडद्याआड होता. वयाच्या तिशीनंतर त्याचे लेखनही ओसरत गेले. रचनाक्रमांक चाळीसच्या आसपासच थांबतात. जाहीर वादन नाही म्हणून नवी रचना नको, नवी रचना नाही म्हणून चर्चा नाही. हे चक्र एकदा सुरू झाले की थांबवणे अवघड.

इतिहासाच्या पुस्तकांत हेन्सेल्टची गोष्ट बहुधा येथेच संपवली जाते: मोठी गुणवत्ता, वाया गेलेली. या निष्कर्षात एक घाई आहे. मैफलींच्या जाहिराती आणि वृत्तपत्रांतील परीक्षणे एवढ्यालाच पुरावा मानले, तर जो रंगमंचावर नव्हता तो कोठेच नव्हता असे दिसणारच.

हेन्सेल्ट रशियात जवळजवळ पन्नास वर्षे शिकवत होता. राजघराण्याच्या आश्रयाखाली चालणाऱ्या मुलींच्या शिक्षणसंस्थांमधील संगीतशिक्षणावर देखरेख करण्याचे काम त्याच्याकडे होते. १८६२ मध्ये रुबिनस्टाइनने सेंट पीटर्सबर्गचे संगीत महाविद्यालय स्थापन केले आणि रशियन पियानोचा इतिहास बहुधा तेथून सांगितला जातो. त्याच्या कितीतरी आधीपासून या मुलींच्या संस्थांत शिस्तबद्ध पियानोशिक्षण सुरू होते. तेथून बाहेर पडलेल्या स्त्रियांनी घरोघरी पुढची पिढी शिकवली. त्यांची नावे कोणत्याही कोशात नाहीत. पुरुषांपैकी काहींची आहेत: पुढे रशियन राष्ट्रीय संगीताचा खंदा पुरस्कर्ता ठरलेला समीक्षक व्लादिमिर स्तासोव्ह विद्यार्थिदशेत हेन्सेल्टकडे पियानो शिकला होता.

आणखी एक नाव आहे, निकोलाय झ्वेरेव्ह. हा तरुण पीटर्सबर्गला आला आणि हेन्सेल्टचा शिष्य झाला. पुढे मॉस्कोत तो कडक शिस्तीचा शिक्षक म्हणून गाजला. हुशार मुलांना तो स्वतःच्या घरी ठेवून घेई, शुल्क घेत नसे, आणि सकाळी सहाला पियानोवर बसवी. १८८० च्या दशकात त्याच्या घरी असा एक मुलगा राहायला आला: सर्गेई राखमानिनॉव्ह. आलेक्सांद्र स्क्रियाबिनही त्याच झ्वेरेव्हकडे शिकला.

घराण्यांच्या भाषेत मांडायचे तर परंपरा अशी: मोझार्ट, हुमेल, हेन्सेल्ट, झ्वेरेव्ह, राखमानिनॉव्ह. पाच पिढ्यांत मधला दुवा तो, ज्याचे नाव गळते.

१८९२ मध्ये १९ वर्षांच्या राखमानिनॉव्हने पियानोसाठी एक छोटे प्रेल्यूड लिहिले. त्यानेच त्याला जगप्रसिद्ध केले; श्रोते आयुष्यभर त्याच्याकडे त्याचीच फर्माइश करीत राहिले आणि तो वैतागत राहिला. त्या प्रेल्यूडचा स्वर सी शार्प मायनर. त्याच्या अखेरच्या भागात खोल, जड सुरावटी येतात आणि त्या लिहायला राखमानिनॉव्हलाही दोन ओळी पुरत नाहीत. तो चार वापरतो.

हेन्सेल्टच्या लार्गेत्तोचा मधला भाग आणि हे प्रेल्यूड लागोपाठ ऐकले, तर साम्य सांगावे लागत नाही. यात उसनवारी शोधण्याचे कारण नाही. रुंद पसरलेला डावा हात, मधल्या बोटांत लपवलेली चाल, घंटेसारखे घुमणारे खर्जातील स्वर: आज ज्याला जग 'रशियन पियानो' म्हणून ओळखते, त्यातील बरेच काही श्वाबाखच्या या जर्मन माणसाच्या मुक्या रियाजातून आलेले आहे. शिकवणाऱ्याच्या हाताची सवय शिकणाऱ्याच्या हातात उतरते. तिच्यावर नाव लिहिलेले नसते.

हेन्सेल्ट १० ऑक्टोबर १८८९ रोजी सायलेशियातील वार्मब्रुन येथे वारला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. एकुलता एक मुलगा त्याच्या आधीच, १८७८ मध्ये गेला होता.

कॉन्चेर्टोला पुन्हा आवाज मिळायला १९६० चे दशक उजाडावे लागले. विस्मृतीतील रोमँटिक संगीत शोधून काढणाऱ्या रेमंड लेवेन्थाल आणि मायकल पाँटी या पियानोवादकांनी त्याचे ध्वनिमुद्रण केले. १९९० च्या दशकात ब्रिटनच्या हायपिरियन कंपनीने विस्मृत रोमँटिक कॉन्चेर्टोंची मोठी मालिका काढली. तिच्यात मार्क-आँद्रे हामलाँ या कॅनेडियन पियानोवादकाने बीबीसी स्कॉटिश वाद्यवृंदाबरोबर तो वाजवला आहे. प्रथम ऐकणाऱ्याने हेच ध्वनिमुद्रण घ्यावे आणि थेट दुसऱ्या भागापासून सुरुवात करावी.

त्यानंतर आणखी एक जुनी तबकडी शोधावी, जेमतेम दोन-तीन मिनिटांची. हेन्सेल्टच्या तरुणपणातील एक एत्यूद आहे, 'मी पक्षी असतो तर उडत तुझ्याकडे आलो असतो' अशा अर्थाच्या फ्रेंच नावाचे. १९२३ मध्ये अमेरिकेत ते ध्वनिमुद्रित झाले. हेन्सेल्टचे स्वतःचे वादन कोठेही जतन झालेले नाही. या तबकडीवरही हात दुसऱ्याचेच आहेत. ते हात सर्गेई राखमानिनॉव्हचे.